वाजवी मजुरी कोणती?

पाऊस उघडतो, धान कापणीला येते आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी मिस्त्रीची शोधाशोध सुरू होते. वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा प्रदेश. चार महिन्यांत भिंतींना ओल चढते, छपाईला फुगे येतात, स्लॅबच्या कोपऱ्यातून पाणी झिरपते, आणि जुन्या घरांवरचे कवेलू सरकलेले असतात ते वेगळेच. पुढे दिवाळी, दिवाळीमागून गावोगावच्या मंडया, त्यांना येणारे पाहुणे, आणि आपल्या ख्रिस्ती घरांतून नाताळ. मिस्त्री येतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो, वर पाहतो, मनाशी काही जुळवतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा ऐकताच घरधन्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की हा आपल्याला लुबाडतो तर नाही ना?

हा प्रश्न आपण बाजाराचा समजतो. शेजाऱ्याला विचारतो, नागपूरच्या मेहुण्याला फोन करतो, आणखी दोघांना बोलावून घेतो व तिघांत जो कमी सांगेल त्याला काम देतो. आमच्या मते हा मूळचा नीतीचा प्रश्न आहे. रविवारी मिस्साला जाणाऱ्या, दहा आज्ञा तोंडपाठ असलेल्या कुटुंबांना सातवी आज्ञा चोराच्या संदर्भात आठवते. मिस्त्रीशी घासाघीस करताना ती फारशी आठवत नाही. सिराखच्या ग्रंथात एक मार्मिक उपमा आहे. दोन दगडांच्या फटीत खुंटी जशी घट्ट बसते, तसे पाप विक्री आणि खरेदी यांच्या मध्ये रुतून बसते, असे त्या ज्ञानी पुरुषाचे म्हणणे. फट दोघांच्या मध्ये आहे. एकट्या विकणाऱ्याच्या अंगणात ती नाही.

घरधन्याची भीती मात्र चेष्टेवारी नेण्याजोगी नाही. आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला नळ गळला तर खात्याचा माणूस येऊन दुरुस्त करून जातो, हे ठाऊक असते. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून बांधलेल्या किंवा विकत घेतलेल्या घरात तो पहिल्यांदाच मिस्त्रीच्या समोर उभा राहतो. एक ब्रास रेती म्हणजे शंभर घनफूट, हे त्याला त्या दिवशी कळते. मिस्त्री हे काम रोज करतो. घरधनी दहा वर्षांतून एकदा करवून घेतो. ज्ञानाची ही विषमता खरी आहे, आणि तिच्यातून संशय उपजला तर नवल नाही. पण संशय हा काही मोजमापाचा फूट नव्हे. आकडा मोठा वाटतो एवढ्यावरून तो अन्यायाचा ठरत नाही, आणि लहान वाटतो म्हणून न्यायाचाही ठरत नाही.

शेजाऱ्याकडून आपल्याला कळतो तो प्रचलित दर. तो जाणून घेणे शहाणपणाचे आहे, कारण पुष्कळ घेणारे आणि पुष्कळ देणारे जेथे पोहोचले तेथे काहीतरी कारण असते. तिघांतला सर्वांत कमी दर मात्र वेगळेच काही सांगत असू शकतो. कदाचित तो माणूस कुशल आहे व काम लवकर उरकतो. कदाचित तो सिमेंट कमी घालणार आहे. कदाचित त्याच्या घरी गेले पंधरा दिवस चूल धड पेटलेली नाही. आकड्याकडे पाहून या तिन्हींतले नेमके कोणते, हे ओळखता येत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या ‘सुम्मा थेओलोजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्यातील दोन गोष्टी आमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी, की न्याय्य किंमत गणिताच्या बिंदूसारखी अचूक नसते. ती अंदाजाने ठरते, आणि थोडे इकडेतिकडे झाल्याने न्याय मोडत नाही. पुढे सतराव्या शतकात स्पेनचे येशूसंघीय कार्डिनल जुआन द लुगो यांनी तर अचूक न्याय्य किंमत केवळ देवालाच ठाऊक, असे म्हणून टाकले. तेव्हा मिस्त्रीने पन्नास-शंभर जास्त सांगितले म्हणून रात्रीची झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. समजा, एखादी वस्तू विकल्याने विकणाऱ्याचे स्वतःचे काही नुकसान होते. मग त्या नुकसानीची भरपाई तो किमतीत धरू शकतो. परंतु त्याचे काहीच जादा नुकसान होत नाही, केवळ घेणाऱ्याची गरज फार मोठी आहे, तर त्या गरजेपोटी त्याने किंमत वाढवू नये. का? कारण घेणाऱ्याची गरज ही विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते कोणाला विकता येत नाही.

आम्ही या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. जुलैत रात्रभर पाऊस कोसळतो आहे, स्लॅबमधून पाणी थेट म्हाताऱ्या आईच्या खाटेवर पडते आहे. अशा वेळी आलेला मिस्त्री एरवीच्या तिप्पट मागत असेल, तर तो काय विकतो आहे? कौशल्य नेहमीचेच, सामान नेहमीचेच. जादा जे आहे ते आमचे हाल. तेच तो आम्हांला परत विकतो. हे चूक आहे असे कोणीही सांगेल.

आता बाजू उलटून पाहू. ऑगस्टचे दिवस. बांधकामे बंद, रोवणी आटोपलेली, मजुरांच्या ठिय्यावर सकाळी दहा वाजून गेले तरी माणसे उभीच. घरधन्याच्या आतल्या खोलीत छपाईचे काम आहे, जे तो कधीही करून घेऊ शकतो. तो ठिय्यावर जातो, निम्म्या दराची भाषा करतो, आणि एकजण मान हलवतो. या सौद्यात घरधन्याने काय विकत घेतले? अर्ध्या दराने श्रम, असे तो समजतो. वस्तुतः उरलेल्या अर्ध्याची किंमत त्या माणसाच्या भुकेने भरली. मिस्त्रीला आमची गळती विकता येत नाही, तशी आम्हांलाही त्याची भूक वापरता येत नाही, कारण तीही आमच्या मालकीची नाही. पहिला प्रकार घडला की आपण तो चार ठिकाणी सांगतो. दुसरा घडला की ‘स्वस्तात काम उरकले’ म्हणून सांगतो. अन्याय मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

अर्थात प्रत्येक वाढलेला दर पिळवणुकीचा नसतो, आणि येथे आपल्या जिल्ह्याचे शेतीचे चक्र लक्षात घेतले पाहिजे. हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बायामाणसांना बांधीत काम मिळते. कापणीच्या दिवसांत पुन्हा तेच. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. या दिवसांत जी रेजा चिखलातले रोप सोडून आपल्या घरी रेती चाळायला येईल, तिची तेथली मजुरी बुडते. ते तिचे खरे नुकसान होय, आणि अक्विनसच्या नियमानेच ते किमतीत धरणे योग्य ठरते. रेतीचेही तसेच. पावसाळ्यात नदीपात्रातून उपसा बंद असतो, साठ्यातली रेती महाग मिळते. मिस्त्रीने ती महाग लावली तर तो दोष त्याचा नव्हे. म्हणून हंगामात दर वाढलेला दिसला, तर त्यातला खर्चाचा भाग कोणता आणि आमच्या अडचणीचा भाग कोणता, एवढे वेगळे करून पाहावे. पहिला भाग बिनतक्रार द्यावा. दुसऱ्याबद्दल बोलावे, आणि मोकळेपणाने बोलावे.

आता त्या सुप्रसिद्ध तक्रारीकडे वळू: ‘दिवसाचे सातशे रुपये? एवढे तर शिकलेल्या पोरालाही मिळत नाहीत!’ सातशे हा आकडा आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. वाचकांनी आपापल्या गावचा घालावा. समजा, हा मिस्त्री वर्षातून दोनशे दिवस कामावर असतो. पावसाचे दिवस, सणवार, आजारपण, एक काम संपून दुसरे मिळेपर्यंतचे रिकामे दिवस, आणि आपल्यासारख्यांच्या घरी येऊन भिंत पाहून, दर सांगून, काम न मिळताच परत जाण्याचे दिवस वजा जाता दोनशे हा आकडा काही कंजूषपणाचा नाही. दोनशे गुणिले सातशे म्हणजे एक लाख चाळीस हजार. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांवर ते पसरले, तर दिवसाला तीनशे त्र्याऐंशी रुपये पडतात. त्यातून थापी, ओळंबा, करणी, सायकल किंवा मोटारसायकलचे पेट्रोल. भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. परांचीवरून पाय घसरला तर दवाखाना स्वतःच्या खिशातून. तुलनेसाठी सांगतो, की रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ सालचा अकुशल मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ही तुलना काटेकोर नाही, कारण हमीचे कामही रोज मिळत नाही. तरीही पगारदार माणूस सातशेला तीसने गुणून मिस्त्रीचा महिना काढतो, तेव्हा तो आपल्या स्वतःच्या रविवारच्या पगाराला विसरलेला असतो, एवढे त्यावरून दिसते.

सरकारही दर ठरवताना असाच हिशेब मांडते. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दर-पृथक्करणात सामान, मजुरी व वाहतूक यांच्या बेरजेवर कंत्राटदाराचा नफा आणि वरकड खर्च म्हणून पंधरा टक्के धरण्याची पद्धत आहे. सरकारी कंत्राटदाराचे पंधरा टक्के कोणाला खुपत नाहीत. आमच्या गल्लीतला मिस्त्री मजुरीखेरीज चार पैसे मागू लागला, की तो लोभी ठरतो.

येथवर आम्ही मिस्त्रीची वकिली केली. पण त्याच्याकडून जे न्यायाने अपेक्षित आहे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. गुत्त्याचे काम आणि रोजीचे काम यांत मोहाच्या जागा वेगळ्या असतात. रोजीवर काम लांबते. गुत्त्यावर ते घाईत उरकते, सिमेंटचे प्रमाण घसरते, नव्या छपाईवर पुरेसे पाणी मारले जात नाही. ओल आलेल्या भिंतीचे मूळ कारण न काढता तिच्यावर पुट्टी फासून रंग देणे हा तर उघड असत्याचा प्रकार आहे. भिंत त्या दिवशी खोटे बोलत नाही. पुढच्या जुलैत सारे बाहेर येते, आणि तोवर मिस्त्री पैसे घेऊन गेलेला असतो. विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला न दिसणारा दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे अक्विनस म्हणतात. मिस्त्रीच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की ‘भाऊ, हे रंगाने जाणार नाही, वरची फट आधी बुजवावी लागेल’ हे त्याने काम घेण्याआधी बोलावे, मग ते काम हातचे गेले तरी चालेल.

दुकानाच्या कमिशनचा विषय याहून नाजूक. मिस्त्री ज्या दुकानातून सामान घ्यावयास सांगतो, तेथे त्याचे काही टक्के ठरलेले असणे आणि रंगाच्या डब्यांतून रंगाऱ्यासाठी टोकन निघणे ही काही गुपिते नव्हेत. ही मिळकत मुळातच पाप आहे असे आम्हांला वाटत नाही. सामान पारखून आणणे हेही काम आहे आणि त्याला मोबदला असावा. दोष लपवण्यात आहे. चार डबे लागत असताना टोकनाच्या आशेने सहा आणवले, तर ती चोरी होय. आणि येथे घरधन्यांनी एक विचार करावा. उघड मजुरीत आपण जेथे रुपया-रुपया कापतो, तेथे आडमार्गाची मिळकत वाढते. जो माणूस कौशल्याचे दाम सरळ मागू शकत नाही, त्याला ते डब्यात शोधावे लागते. याने त्याचे कृत्य क्षम्य होत नाही. पण ते कोठून येते हे कळते.

गुत्त्याने काम दिले की आणखी एक गोष्ट नजरेआड होते. मिस्त्रीबरोबर येणारी रेजा. विटा तीच वाहते, माल तीच कालवते, पाटी डोक्यावर घेऊन शिडी तीच चढते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ साली झाला. तरी बाई म्हणून तिच्या हातावर कमी पैसे पडतात, हे सर्वांना माहीत असते. आपण ते विचारत नाही. ‘आम्ही मिस्त्रीला एकरकमी दिले, पुढचे तो जाणे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते ही मोकळीक खरी नव्हे. ज्या दरात रेजेला नीट पैसे देणे शक्यच नाही, असा दर आपण ताणून मिळवला असेल, तर तिची बुडालेली मजुरी आपल्या घराच्या भिंतीत आहे. दर ठरवताना ‘संगे कोण येणार आणि त्यांना काय देता?’ एवढे विचारले, तर कोणाचा अपमान होत नाही. मिस्त्रीला थोडे अवघडल्यासारखे वाटेल. वाटू द्यावे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, असे काही वडीलधारे सांगतात. बलुतेदारीत सुतार-लोहाराला वर्षाचे धान्य ठरलेले होते. कामागणिक घासाघीस नव्हती. त्रिंबक नारायण अत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावच्या या व्यवस्थेचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर हे स्मरणरंजन फार टिकत नाही. कारागिराला पोटाची हमी होती, पण दर ठरवण्यात त्याचा आवाज किती होता, आणि जातीने नेमून दिलेले काम नाकारण्याची मुभा कोठे होती? आजचा मिस्त्री ‘एवढ्यात परवडत नाही’ म्हणून उठून जाऊ शकतो. हे स्वातंत्र्य लहान नाही. मात्र उठून जाण्याजोगी परिस्थिती घरी असेल तरच ते खरे.

नेमके हेच पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजीच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात मांडले. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने करार करावा हे ठीक. परंतु कराराच्याही वर एक नैसर्गिक न्याय आहे, आणि साध्या, नेकीने राहणाऱ्या मजुराचे पोट भरेल एवढे वेतन हा तो न्याय होय. गरजेपोटी किंवा याहून वाईट ओढवेल या भयाने मजुराने कमी पैसे पत्करले, तर तो बळजबरीचा बळी ठरतो, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, त्यामागे या परिपत्राची आठवण होती हे त्यांनी स्वतःच सांगितले. आपल्या विदर्भातही हा विचार दुसऱ्या वाटेने आला. वर्ध्याला राहावयास आल्यावर गांधीजींनी १९३५ साली चरखा संघाकडे आग्रह धरला, की सूत कातणाऱ्या बायांना बाजारभावाने नव्हे, तर पोट भरेल अशा मजुरीने पैसे द्यावेत. आठ तासांच्या कामाला आठ आणे हा त्यांचा आदर्श होता. त्याने खादी महाग होईल हा आक्षेप आलाच. महाग खादी घेण्याची तयारी ठेवा, असेच त्यांचे गिऱ्हाइकाला सांगणे होते.

कायद्याची भूमिका यापेक्षा आखूड आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने पंचविसाव्या कलमात एक उदाहरण दिले आहे. हजार रुपयांचा घोडा कोणी दहा रुपयांस विकण्याचे कबूल केले आणि ती संमती खुशीची असेल, तर करार पक्का. मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून तो रद्द होत नाही. मात्र संमती खरोखर खुशीची होती काय, हे ठरवताना मोबदल्याचा तोकडेपणा न्यायालय विचारात घेऊ शकते. अक्विनसही मान्य करतात, की मानवी कायदा सर्वच अन्याय निवारू शकत नाही. तो केवळ अतिरेकाला आळा घालतो. उरलेले सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेले आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहण्यासाठी दहा लाखांपर्यंतच्या खर्चात घर बांधणाऱ्याला आपल्या कक्षेबाहेरच ठेवले होते. कायद्याने सूट दिली होती. देवानेही दिली असे समजण्याचे कारण नाही.

आमच्या धर्मग्रामांतून ऐकू येणारे एक वाक्य येथे नोंदवले पाहिजे. ‘चर्चचे काम आहे, जरा कमी लावा.’ सभागृहाचे छप्पर असो, ग्रोटोची रंगरंगोटी असो, निविदा उघडताना हे वाक्य कोणीतरी बोलतोच. मिस्त्री हिंदू असो, बौद्ध असो वा आपल्याच गायनवृंदातला असो, देवाचे नाव काढल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. हे दान नव्हे. दान देणारा स्वतः देतो. समितीने त्याच्या खिशातून काढलेल्या पैशाला दान म्हणता येणार नाही. त्याने पूर्ण मजुरी हातात घ्यावी आणि नंतर वाटल्यास दानपेटीत टाकावी. नाही टाकली तर त्याबद्दल कोणी बोलू नये. पवित्र मंदिराच्या भिंती तरी कोणाच्या अर्ध्या रोजीने उभ्या राहू नयेत.

काही वाचक द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्याकडे बोट दाखवतील: धन्याने ठरले तेवढे दिले, मग तक्रार कसली? तो दाखला देवाच्या औदार्याचा आहे, मजुरीचे कोष्टक नव्हे. तरी त्यातला एक तपशील ठिय्यावरच्या माणसांकडे पाहताना आठवतो. अकराव्या तासाला उभे असलेल्यांना धन्याने विचारले, दिवसभर रिकामे का राहिलात? आम्हांला कोणी कामावर लावले नाही, असे उत्तर आले. हे ऐकून धन्याने दर पाडला नाही. त्यांनाही घरी चूल पेटवावयाची आहे, हे त्याने धरले.

मग घरधन्याने प्रत्यक्षात करावे काय? ज्याच्या खिशातच पैसे कमी आहेत, त्याचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागात एक लाख तीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले. तेवढ्यात घरकुल उभे करणाऱ्या बाईला ‘मिस्त्रीला उदारपणे द्या’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. तिच्याकडून कोणी जादा मागत असेल, तर येथे मिस्त्रीनेच विचार करावा. इतरांसाठी आम्ही एवढेच सुचवू, की पैसे कमी असतील तर काम कमी करावे, मजुरी कमी करू नये. दोन खोल्यांऐवजी एकीची छपाई यंदा करावी. भारी फरशीऐवजी साधी घ्यावी. आपल्याजवळ इतके आहेत हे मिस्त्रीला सरळ सांगावे, आणि त्यात काय होईल ते त्यालाच विचारावे. चांगला कारागीर अशा प्रश्नाने खुलतो. काय गाळता येईल व काय गाळून चालणार नाही, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

त्याने सांगितलेल्या आकड्याची फोड मागण्यात संकोच नसावा. सामान किती, माणसे किती, दिवस किती. आपणही आपला आकडा कसा काढला ते त्याच्यासमोर बोलून दाखवावे. जो हिशेब एकमेकांच्या तोंडावर उच्चारता येत नाही, त्यात बहुधा कोणाची तरी अडचण किंवा कोणाची तरी भूक लपलेली असते. ‘द्या समजून’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला तर मुद्दाम आकडा बोलावयास लावावे. त्याच्या भिडेचा फायदा नंतर आपणच घेतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

राहिला शेवटच्या पैशांचा मुद्दा. मजुराचे वेतन सूर्य मावळण्याआधी द्यावे, असे अनुवादाच्या पुस्तकात मोशेच्या नियमशास्त्रात आहे. अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब आपल्या पत्रात लिहितात. आमच्याकडे काम संपल्यावर हजार-दोन हजार ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून मागे ठेवण्याची सवय आहे, आणि त्या हजारासाठी मिस्त्रीला चार फेऱ्या माराव्या लागतात. गळतीच्या कामात काही रक्कम राखून ठेवणे मात्र आम्हांला गैर वाटत नाही, जर ती किती व केव्हा द्यावयाची हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहिले असेल. त्यासाठी जूनच्या पहिल्या पावसाची वाट पाहण्याचीही गरज नाही. स्लॅबच्या कडेने मातीचा बांध घालून वर दोन दिवस पाणी भरून ठेवले, की खालचे छत कोरडे राहते की नाही हे तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही एकत्रच पाहता येते.